एका थपडेचा पुरावा

पेपरसाठी कोर्टाच्या बातम्या करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, टाळावे लागतात! पण कोपरीतल्या एका सोसायटीतल्या थपडेनेच माझी अर्धी वही खाल्ली आणि कायद्याच्या लेखी 'दुखणं' म्हणजे नक्की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

नलिनीबाई निवृत्त शिक्षिका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी पाण्याच्या टाकीबद्दल प्रश्न विचारला. सेक्रेटरीने उत्तरादाखल थोबाडीत मारली. बाईंचं म्हणणं एकच : "सगळ्यांसमोर मारलंत, सगळ्यांसमोर कबूल करा."

*

पोलिसांकडे बाईंनी लिहून दिलं, 'माझ्या भावना दुखावल्या.' हवालदार दचकलाच!

"कुठल्या धर्माच्या?"

"अहो, माझ्या!"

"एकट्याच्या नाही दुखावत मॅडम. मागे समाज लागतो!"

*

डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, 'साधी दुखापत'.

"आणि अपमान?"

"सुजला असेल तर लिहितो!"

*

मग भरपाईचा दिवाणी दावा. बाईंच्या वकिलांनी विचारलं, "झोपेच्या गोळ्यांची बिलं आहेत?"

"झोप लागते हो मला. राग आलाय!"

वकील हळहळले. "रागाची पावती मिळत नाही ना!"

*

मी बातमी दिली. संपादक म्हणाले, "फोटोत गाल तर चांगला दिसतोय रे!"

"थप्पड सहा महिन्यांपूर्वीची आहे!"

"मग बातमीपण शिळीच की!"

भांडून भांडून चार ओळी छापून आल्या. त्याही हरवले-सापडलेच्या शेजारी!

*

उलटतपासणीत समोरचा वकील गरजला, "दुसऱ्याच दिवशी तुम्ही हळदीकुंकवाला गेलात. तिथे हसलात?"

"हसले."

"म्हणजे मनस्ताप झाला नाही!"

"मग वाण घेताना भोकाड पसरू?"

सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

*

शेवटी तडजोड झाली. भरपाई नको, माफी हवी. तीही सोसायटीच्याच मीटिंगमध्ये, त्याच लोकांसमोर. बाईंनी मला मुद्दाम बोलावलेलं. सेक्रेटरीने खिशातून कागद काढून वाचला : "चुकून हात लागला असल्यास दिलगीर आहे."

बाई उठल्या. त्याच्या हातातला कागद घेऊन लाल पेनाने आधी 'असल्यास' खोडलं. मग 'चुकून'. मग 'हात लागला'.

"आता वाचू काय?" सेक्रेटरी वैतागला.

"जे केलंत ते."

तो घाम पुसत उभा राहिला. "मी यांना... म्हणजे माझ्याकडून यांना..."

पहिल्या रांगेतून त्याची बायको म्हणाली, "'थोबाडीत मारली' म्हणतात त्याला. मला विचारा!"