मेनस्विच मॅडमचे दोन ड्रम

आमच्या विभागप्रमुख मॅडम खोलीत शिरल्या की आधी दिवा बंद करायच्या आणि मग खोलीत कोण आहे ते बघायच्या. त्यामुळे उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी शिकवायचो, तिथल्या रसायनशास्त्र विभागाच्या बऱ्याचशा महत्त्वाच्या चर्चा अंधारात झालेल्या आहेत. पोरांनी त्यांचं नाव मेनस्विच ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि पसंत नव्हतं. "मेनस्विच एकदा पाडला की सगळं बंद होतं," त्या म्हणायच्या. "मला मेलीला एकेक बटण दाबत हिंडावं लागतं."

वनस्पतिशास्त्राचे एक सर दुपारी रिकाम्या वर्गात पंख्याखाली डुलकी काढायचे. मॅडमनी जाता जाता तो पंखा बंद केला. सर घामाघूम होऊन स्टाफरूममध्ये आले आणि तावातावाने म्हणाले, "अहो, मी होतो ना वर्गात!" मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "शिकवत होतात?" सर त्यानंतर लायब्ररीत झोपू लागले.

ऐंशीच्या दशकाचा तो शेवट. पर्यावरण हा विषय तेव्हा निबंधस्पर्धेपुरता होता. एकदा मॅडमना त्या स्पर्धेचं परीक्षक केलं. झाडं वाचवा म्हणून गळा काढणाऱ्या सगळ्या पोरांनी कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं होतं. पाठपोट लिहिणारा एकच निघाला, त्याला मॅडमनी पहिला नंबर देऊन टाकला. त्याचा निबंध मी वाचला होता. भयंकर होता.

प्रयोगशाळेत कुणाच्या बर्नरची ज्योत पिवळी दिसली की त्या लांबून ओरडत यायच्या. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, काजळी धरते. "अंबरनाथपासून इथवर कारखाने बसलेत धूर सोडायला. त्यांना तुझी मदत नकोय," असं म्हणून त्या ज्योत निळी करायच्या आणि जमल्यास त्या पोराचा कानही लाल करायच्या.

पण त्यांचा खरा जीव पाण्यात अडकलेला होता. ऊर्ध्वपातनाच्या प्रयोगात वाफ गार करायला काचेच्या नळीभोवती थंड पाणी सतत खेळवावं लागतं. सगळीकडे हे पाणी नळातून येतं आणि सिंकमधून गटारात जातं. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं, तेही उपकार केल्यासारखं. मॅडम कॅम्पातल्या एका सिंधी भंगारवाल्याकडे गेल्या आणि दोन ड्रम घेऊन आल्या. एक उंच ओट्यावर, एक खाली. वरच्यातलं पाणी रबरी नळीने सगळ्या टेबलांवरून फिरत खालच्यात यायचं आणि पोरं ते बादल्यांनी परत वर चढवायची. "एकदम साफ माल है मैडम," असं भंगारवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आठवडाभर नळ्यांतून गुलाबी पाणी वाहिलं. आधी त्यात कापड रंगवायचा रंग होता. मॅडम खूश. "बरं झालं, गळतं कुठे ते तरी दिसतं."

या ड्रमांच्या खटाटोपामागे एक कारण होतं, आणि ते विभागातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्याकडे रसायनशास्त्र फक्त दुसऱ्या वर्षापर्यंत होतं. पदवीचं शेवटचं वर्ष करायचं तर मुंबई गाठावी लागे. मुलगे जायचे. मुली बहुतेक घरी बसायच्या. त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला कुंदा होती, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची, हाताने इतकी नेटकी की मॅडम तिच्यावर ओरडायला निमित्त शोधायच्या. तिचा बाप एकदा कॉलेजात येऊन स्वच्छ सांगून गेला, "पोरीला ममईला नाय धाडनार. हितंच वर्ग निघला त शिकू दे. नायतर लगीन."

वर्ग काढायचा तर विद्यापीठाच्या समितीची मंजुरी हवी आणि समितीला हवं प्रयोगशाळेत दिवसभर वाहतं पाणी. समिती आली त्या दिवशी प्राचार्यांनी नवा सफारी घातला होता. चहाच्या वेळी लक्षात आलं की समितीचे अध्यक्षच नाहीत. शोधाशोध झाली. शेवटी तराजूखोलीतून दार बडवल्याचा आवाज आला. वाऱ्याने तराजू हलू नयेत म्हणून त्या खोलीला खिडकी नव्हती. अध्यक्ष आत तराजू बघत असताना मॅडम बाहेरून गेल्या होत्या आणि सवयीने दिवा बंद करून वर कडी लावून मोकळ्या झाल्या होत्या.

मॅडमनीच कडी काढली. प्राचार्य माफीसाठी तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "काही वजन करत होतात?"

"नाही, नुसतं बघत होतो," अध्यक्ष म्हणाले.

"मग दिवा कशाला हवा होता?"

"बघायलाच," अध्यक्ष म्हणाले. प्राचार्यांनी भिंतीचा आधार घेतला.

प्रयोगशाळेत अध्यक्षांनी विचारलं, पाणी दिवसभर असतं ना? प्राचार्य "हो, हो" म्हणाले आणि मॅडम "छे" म्हणाल्या, दोन्ही एकदमच. "येतं तासभर. पण वाहतं दिवसभर," असं म्हणून त्यांनी ड्रम दाखवले. अध्यक्षांनी खालच्या ड्रमला हात लावला. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, पाणी गार होतं. कुंदाने बादली वर रिकामी केली, पदर खोचला आणि पुन्हा आपल्या नळीपाशी उभी राहिली. अध्यक्ष तिचा प्रयोग संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

मंजुरी आली, पण एका अटीसह. शेवटच्या वर्षाला विभागप्रमुख डॉक्टरेट असलेलाच हवा. मॅडम होत्या एम. एस्सी. विभागात डॉक्टरेट एकट्या माझ्याकडे होती, तीही नुकतीच मिळालेली, आणि मला साधी पिवळी ज्योत निळी करता येत नसे. प्राचार्य म्हणाले, अर्ज करू, सवलत मागू, वर्ष-दोन वर्षं लागतील. मॅडम थेट माझ्या टेबलापाशी आल्या आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या समोर ठेवल्या.

"मॅडम, मला नको," मी म्हटलं. खरंच नको होतं.

"तुला कोण विचारतंय? कुंदाच्या बापाने पोरगा बघून ठेवलाय. उद्यापासून तू प्रमुख."

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. मी त्यांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकलो होतो. समोर फॉर्मवर सह्या घ्यायला पोरं उभी होती, कुंदाही होती. दारावर टकटक झाली. मला जन्मभर अरेतुरे करणाऱ्या, माझ्या प्रबंधातल्या चुका सगळ्यांदेखत वाचून दाखवणाऱ्या मॅडम उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"सर, आत येऊ का?"

मी ताडकन उभा राहिलो. त्या आत आल्या, टेबलावर वाकल्या आणि मला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात दातओठ खात म्हणाल्या, "बसा खाली. पोरं बघतायत."