वहिनीचं वायरिंग

आमची वहिनी दातांनी तार सोलायची. तारेचं टोक समोरच्या दोन दातांत धरायचं, किंचित फिरवायचं आणि झटका द्यायचा. वरचं प्लास्टिक अलगद सुटून यायचं आणि आतल्या तांब्याचा एक केससुद्धा तुटायचा नाही. त्यापायी तिच्या एका दाताला बारीक खाच पडली होती. हसली की ती दिसायची, म्हणून फोटो काढताना ती कधी हसली नाही. माझ्या लग्नाच्या अल्बमात सगळं खानदान दात काढून उभं आहे आणि वहिनी तेवढी ओठ मिटून.

ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर हुपरीचं. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण घडतात, आणि पैंजणाच्या बारीक कड्यांना डाग देणं, म्हणजे सांधे जोडणं, तिथल्या पोरी खेळण्याच्या वयातच शिकतात. दादाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. बॅटरी, डायनॅमो यांत दादा वाघ, पण बारीक सांधा आला की त्याच्या हाताला घाम सुटायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत वहिनीनं त्यानं घरी आणलेली एक वायर उचलून बघितली आणि विचारलं, "ह्यो सांधा तुम्ही केलाय? सुटंल की." दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं सोल्डरिंगचं सामान घरी आणून ठेवलं.

नव्वदचं दशक ते. कोल्हापुरात जीपवाल्या हौशी लोकांचं नुसतं पेव फुटलं होतं. दाजीपूरच्या जंगलात, ओढ्यात, चिखलात गाडी घालायची आणि येऊन चार माणसांत सांगायचं, ही हौस. त्यासाठी कंपनीचे दोन दिवे पुरेनात. मग बंपरवर दोन, टपावर चार असे ताटाएवढे जादा दिवे बसवायचं खूळ निघालं. दिवे बसवणं सोपं. त्यांना वीज नीट पोचवणं अवघड. बॅटरीतून जाड वायर, मध्ये फ्यूज, मग रिले, मग दिव्यांकडं फाटे. एखादा सांधा ढिला राहिला तर घाटात मधेच अंधार, नाहीतर वायर पेटून गाडीचा कोळसा. दादाच्या दुकानातलं वायरिंग पेटत नाही, असं नाव झालं. नाव दादाचं झालं.

वहिनीला ते ठाऊक होतं. रिले म्हणजे काड्यापेटीएवढी डबी, ड्रायव्हरनं स्विच दाबला की टक् करून सगळा करंट स्वतःतून जाऊ देणारी. ती हातात धरून वहिनी मला म्हणायची, "बघा वन्सं, भार सगळा हिच्यावर, आन् नाव स्विचचं." आणि खाचेसकट हसायची. घरात ती माझ्यापुढंच तेवढी हसायची.

हे सगळं काम ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून करायची, गाडी न बघता. दादा गाडीवर सुतळी लावून माप घ्यायचा आणि गाठी मारून आणायचा. पहिली गाठ बॅटरी, दुसरी रिलेची जागा, तिसरी बंपर, चौथी स्विच. वहिनी एका लांब फळीवर त्या अंतरांनी खिळे ठोकायची, त्यांच्यावरून वायरी ताणायची आणि अख्खं वायरिंग फळीवरच तयार करायची. संध्याकाळी दादा ते वेणीसारखं गुंडाळून न्यायचा. घरापुढच्या कळंब्याच्या रस्त्यावरून जीप गेली की वहिनी खिडकीतून वाकून बघायची, आणि दिवे आपले का दुसऱ्याचे, हे धूळ बसायच्या आत सांगायची.

"मी येतो की दुकानात," ती दादाला म्हणायची. आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. "गाडीवरच करतो. माप चुकायचा प्रश्नच न्हाय." दादा आईकडं बघायचा. आई ओरडणाऱ्यातली नव्हती. ओरडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. ती शेंगा फोडत शांतपणे म्हणायची, "काम घरात हुतंय न्हवं? मग रस्त्यावर कशाला?" झालं. काम घरात होत होतंच, आणि चांगलं होत होतं. ते जितकं चांगलं व्हायचं तितकं वहिनीचं बाहेर पडणं लांबायचं. माझा भाऊ वाईट नव्हता हो, भित्रा होता. वाईट माणसापुढं बाई एखाद दिवस पदर खोचून उभी तरी राहते. भित्र्यापुढं तेही करता येत नाही, त्याचीच कीव येते.

एकदा मात्र ती गेली. मी तेव्हा कॉलेजला होते. एक नवीन जीप आली होती, मालकाला संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन जंगलात जायचं होतं, आणि भर दुपारी दादा तयार वायरिंग काखेत मारून घरी आला. चेहरा पांढराफटक. "पुरंना झालंय. हातभर कमी पडतंय."

वहिनीनं सुतळी पुन्हा फळीला लावून बघितली. माप बरोबर होतं. जरा विचार करून तिनं विचारलं, "ब्याटरी कुठल्या अंगाला हाय?"

दादानं कपाळावर हात मारून घेतला. आजवरच्या सगळ्या जीपना बॅटरी एका बाजूला असायची, हिला दुसऱ्या. सुतळीच्या गाठी अंतर सांगतात, बाजू कुठली सांगतात? वहिनीनं फाटे नेहमीच्याच बाजूनं काढलेले, ते लांबच्या दिव्यापर्यंत पुरेनात. आई शेजारच्या बारशाला गेली होती. वहिनीनं हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. मला गाडीच दावा."

दार नुसतं लोटून घेतलं आणि स्कूटरवर आम्ही तिघं. दुकानासमोर ती जीप उन्हात उभी होती. वहिनीनं आधी तिच्याभोवती एक फेरी मारली, हात लावत लावत, बैल पारखायला आल्यासारखी. मग बॉनेटमध्ये वाकली, मग सरळ गाडीखाली शिरली. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. चहावाल्यानं टपरी सोडली. जीपचे मालक दादाला हळूच म्हणाले, "पावणं, ह्या कोण?" दादा म्हणाला, "घरचीच हाय." गाडीखालून तिचे नुसते पाय बाहेर दिसत होते, पैंजण घातलेले, आणि मधूनच तिची हाक येत होती, "वन्सं, काळी वायर सरकवा."

काम संपलं तेव्हा ऊन होतं अजून. स्विच दाबला, टक् आवाज आला, पण त्या उजेडात दिवे लागलेत का नाहीत तेच कळेना. वहिनीनं एकेका दिव्यापुढं तळहात धरला. हातावर उजेड पडला की पुढच्या दिव्यापाशी जायची. शेवटच्या दिव्यापाशी ती तशीच उभी राहिली, हात धरून, आणि त्या सगळ्या माणसांसमोर हसली. तिला इतक्या आनंदात मी ना आधी कधी बघितलं ना नंतर.

आम्ही पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "माझ्या सुनेचं पाय आज अख्ख्या उद्यमनगरानं बघितलं." बस्स, एवढंच. मग दादानं खाली मान घालून सांगितलं की असं परत होणार नाही. मला वाटलं, होईल की! गाड्या नवनवीन येणारच आहेत, हा गडी पुन्हा चुकणारच आहे.

पण चार दिवसांनी बघते तर वहिनी दादाला शिकवत होती. "डाव्या अंगाला ब्याटरी असंल तर गाठीत लाल दोरा बांधा. उजव्या अंगाला असंल तर हिरवा. म्हंजे चुकायचं न्हाय." माझा संताप झाला. दादा गेल्यावर म्हटलं, "वैनी, येडी का काय तू? चुकू द्यायचं की त्याला! चुकला की तुला न्यावंच लागलं असतं."

ती म्हणाली, "आन् गिऱ्हाइकाची गाडी पेटली म्हंजे? घाटात माणसं असत्यात की तिच्यात." आणि पुढची तार दातांत धरली. त्या दोऱ्यांनंतर दादा कधी चुकला नाही आणि वहिनी कधी दुकानात गेली नाही.

माझं लग्न आजऱ्याला झालं. माहेरी येईन तेव्हा ती त्याच खिडकीखाली, फळीवर वाकलेली. पुढं आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, तेव्हा फळी खिडकीखालून आईच्या खाटेशेजारी आली. आता दुकानाचा विषयच नको. आईकडं कोण बघणार? त्याच सुमारास एलईडीचे दिवे निघाले. खोक्यातच वायरिंग तयार, रिले, फ्यूज, स्विच सगळं जोडूनच. दादा पहिलं खोकं घरी दाखवायला घेऊन आला, खुशीत. "आता तुला तरास न्हाय बघ." वहिनीनं ते वायरिंग हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "बरं केलंय," म्हणाली आणि आईची कूस बदलायला उठली.

आई गेली. महिन्याच्या विधीला मी गेले होते. तो उरकल्यावर दुसऱ्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "अगं, आता ये की दुकानात. आता कोण काय म्हणणार हाय?" मला इतका आनंद झाला की मीच तिचं चांगलं लुगडं काढून दिलं. निघताना घराला कुलूप घालायचं तर कुलूप सापडेना. सगळी कपाटं धुंडाळली. त्या घराला कुलूप लावायची वेळच कधी आली नव्हती, वहिनी कायम आत. शेवटी शेजारनं मागून आणलं.

दुकानापुढं एक मोठी जीप उभी होती. वहिनीनं पदर खोचला. दादानं खोकं फोडून वायरिंग तिच्या हातात दिलं. सवयीनं तिनं टोक तोंडाकडं नेलं. टोकाला रबराची टोपी होती. दादानं ते तिच्याकडून घेतलं, ही टोपी त्या टोपीत दाबली, ती ह्या टोपीत, दोन नट आवळले, स्विच दाबला. भर उन्हातसुद्धा डोळे दिपले.

"झालं?" वहिनीनं विचारलं.

"झालं. आता असंच असतंय."

ती दुपारपर्यंत स्टुलावर बसली. मग कुकर लावायचाय म्हणून चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी दादानं हाक मारली तर म्हणाली, "बसायलाच यायचं तर घरात बसतो की."

तो गेल्यावर मला राहवेना. म्हटलं, "वैनी, इतकी वर्षं कोंडून घातलं तुला ह्या लोकांनी. तुला राग कसा येत न्हाय गं?"

ती आईची वाकळ घडी घालत होती. "येतोय की. लई येतोय. पर काढू कुणावर, वन्सं? ह्यांच्यावर काढावा, तर ह्यांनी आता 'ये' म्हटलंय. आन् आत्तींवर काढावा, तर त्या माझ्या मांडीवर गेल्या. शेवटचं पाणीबी माझ्याच हातनं पिल्या."

आईला ती आत्ती म्हणायची.