सोनूबाईंच्या हातातला माइक

मंडळी, हेंद्रेपाड्यातल्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. दुपारपासूनची किळस अजून गेलेली नाही.

विद्यापीठ आणि महापालिकेने मिळून उल्हासनगरात 'सिनेमातलं राजकारण' नावाचा फिल्म फेस्टिव्हल भरवलाय. मी तिथे व्हॉलंटियर आहे. आज धरणात बुडालेल्या गावावरची एक फिल्म होती. म्हणून बदलापूरपलीकडच्या एका पाड्यावरून सोनूबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्यांचंही घर असंच धरणात गेलंय.

फिल्मनंतर एक प्राध्यापक पाऊण तास कॅमेऱ्याच्या राजकारणावर बोलले. मग सोनूबाईंनी माइक मागितला, मी दिला.

"शिनेमात गाव खुशीनं उठला. आमी नाय उठलो. सासऱ्याचा अंगठा घेतला, पन कागद कुनी वाचून नाय दाखवला."

प्राध्यापक हसले. "बाई, इथे फक्त सिनेमाबद्दल बोलायचंय," म्हणाले आणि त्यांनी मला खूण केली.

मी जाऊन सोनूबाईंच्या हातातून माइक काढून घेतला.

त्यानंतर त्याच प्राध्यापकांनी सोनूबाईंना शाल घातली आणि पेपरसाठी फोटो काढून घेतला.

मी एसटी स्टँडपर्यंत सोनूबाईंच्या मागे गेले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुजी काय चूक, बाय? त्यांनी सांगितला, तू केलास. अंगठा घ्यायला आलेला कारकूनपन तुज्यासारखाच गरीब व्हता."

प्राध्यापकांची चीड येतेच, पण जास्त शिसारी मला माझीच आलीय. उद्याही माझी ड्यूटी आहे. तुम्ही माझ्या जागी असतात, तर गेला असतात का?