उसण चोळायची नसते

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडून होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहायचं तर काहीतरी भारदस्त लिहावं असं वाटायचं. पण डोळ्यांसमोर सारखा येतो तो आईच्या पाठीचा दिवस. त्या दिवशी आम्ही अख्खी सकाळ तिच्यासाठी मालिश शोधत जालन्यात फिरलो, आणि मी मात्र एक गोष्ट लपवून बसले होते.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बक्षीस समारंभात रसायनशास्त्रासाठी माझं नाव होतं, आणि त्या वर्षीपासून कॉलेजनं नवीन पद्धत काढली होती: बक्षीस घेताना आई किंवा वडिलांना सोबत घेऊन मंचावर यायचं. वडिलांनी फोनवरच सांगून टाकलं की आईला पाठवतो, मला तसल्या ठिकाणी घाम फुटतो. आईचं जालन्याला येणं म्हणजे एकतर दवाखाना, नाहीतर कुणाच्या लग्नाचा बस्ता. समारंभासाठी ती पहिल्यांदाच येत होती.

अंतरवाली सराटीच्या चौकातून ती सकाळीच काळीपिवळी जीपमध्ये बसली. अंबडला गाडी बदलली. दोन्ही गाड्यांत तिला मागचा आडवा बाक मिळाला. मांडीवर माझ्यासाठी आणलेल्या शेंगांची पिशवी आणि गुडघे समोरच्या बाईच्या गुडघ्यांत अडकलेले. साडेनऊला जालन्याच्या स्टँडबाहेर गाडी थांबली. आईनं पिशवी उचलून एक पाय खाली टेकवला आणि तशीच थांबली. मला वाटलं पदर अडकला. जमिनीवर काहीतरी पडलंय आणि ते शोधतेय, अशी ती वाकलेली होती.

"उसण भरली," ती म्हणाली.

आता इथं मला ती लपवलेली गोष्ट सांगावी लागेल. आमच्याकडे असं मानतात की जन्मताना ज्याचे आधी पाय बाहेर येतात तो पायाळू, आणि पाठीत उसण भरली की त्या जागी पायाळू माणसानं लाथ लावायची, मग उसण निघते. गावात असतो तर पायाळू शोधायला लांब जावं लागलं नसतं. ती मीच आहे.

लहानपणी सकाळी सकाळी कुणीतरी कमरेवर हात ठेवून आमच्या दारात उभं असायचं आणि विचारायचं, पायाळू उठली का? मी गणवेशाची बटणं लावत बाहेर यायचे, तीन वेळा टाच लावायचे आणि शाळेत जायचे. मास्तर असोत की पोलीस पाटील, सगळे गपचूप पालथे झोपायचे. बदल्यात गोडीशेव मिळायची. मला ते आवडायचं. पुढे नववीत एका मुलानं मला 'लाथाडी' नाव पाडलं, आणि ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत टिकलं. जालन्याला येताना मी आईला बजावून आले होते की तिथं हे कुणालाही कळू द्यायचं नाही. तिनं कारण विचारलं नव्हतं. नुसतं बरं म्हणाली होती.

म्हणून स्टँडवर उसण हा शब्द ऐकूनही मी गप्प बसले. कारण बाजूला माझी मैत्रीण उभी होती. ती जालन्यातल्याच मस्तगडची, तिचे वडील बँकेत, आणि आईला न्यायला ती हौसेनं स्कूटी घेऊन आली होती. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तीही गप्प बसली.

चहाच्या टपरीवर तिला बसवून मी दुखण्याची गोळी दिली. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर ती म्हणाली तिथं नंबर लागेपर्यंत तुझा कार्यक्रम उरकेल. मग मी चाचरत सुचवलं की तू होस्टेलवर पड, मी एकटी जाऊन बक्षीस घेते. यावर ती जे बोलली ते मला शब्दाला शब्द आठवतं.

"कापूस वेचायचा तं वाकून. खुरपायचं तं वाकून. आज बी वाकूनच जाऊ का? सरळ चालत जाईन, न्हाईतर इथंच बाकड्यावर बसते. तू ये जाऊन."

कार्यक्रम एक वाजता होता.

मैत्रीण म्हणाली, काकूंना चांगली मालिश करून घेऊ, तासाभरात मोकळं होईल. तिच्या माहितीचं बायकांचं एक पार्लर जवळच होतं. आत थंडगार होतं आणि गवती चहासारखा वास येत होता. काउंटरवरच्या ताईंनी एक कार्ड हातात दिलं. त्यावर रिलॅक्सिंग, अरोमा, डीप टिश्यू, थाई अशी नावं होती आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत माहिती. मी प्रश्नपत्रिका वाचावी तसं ते वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. चुकीचं निवडलं आणि पाठ आणखी आखडली तर, ही भीती होती. ताईंनी विचारलं, प्रेशर कसं हवं, सॉफ्ट, मिडियम की हार्ड?

"काय म्हणून राह्यली ही?" आईनं मला विचारलं.

मी सांगितलं, हळू, बराबर का जोरात, असं विचारतायत.

"तिला म्हण, अगोदर दुखतं कुठं ते तं विचार."

भिंतीवर थाई प्रकाराचा फोटो होता. त्यात एका बाईनं दुसरीच्या पाठीत गुडघा रोवून तिचे दोन्ही हात मागे ओढून धरले होते. आईनं तो वाकल्या वाकल्या मान वळवून नीट बघितला. "ही तं मारून राह्यली तिला," ती म्हणाली. मैत्रिणीला हसू आवरेना, मग मलाही. आईसुद्धा हसायला लागली, पण हसलं की कळ येत होती, म्हणून ती भिंतीला धरून, हसवू नका गं, असं हसत हसतच सांगत होती. शेवटी ताईंनी घालायला कागदासारखा पातळ गाऊन आणून दिला. आईनं तो चार घड्या घालून काउंटरवर परत ठेवला, ताईंना पाणी मागितलं, ते पिऊन घेतलं आणि दाराकडे निघाली.

रस्त्यावर मैत्रिणीला आठवलं की तिच्या वहिनीला महिन्यापूर्वी मुलगा झालाय आणि बाळ-बाळंतिणीला मालिश करायला एक मावशी रोज येतात. त्या या वेळेला घरीच असणार. आई स्कूटीवर बसू शकत नव्हती. मैत्रीण पुढे गेली आणि आम्ही रिक्षानं मागून मस्तगडला पोचलो.

मावशी मागच्या पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. दोन्ही नडग्यांवर बाळ पालथं होतं आणि तेलानं चकाकत होतं. त्यांनी वर न बघताच आम्हाला बसायला सांगितलं. बाळाचं उरकेपर्यंत त्या आपल्या कामाबद्दल बोलत राहिल्या, आणि मला वाटलं, पार्लरच्या कार्डापेक्षा हे किती सोपं आहे. बाळाची मालिश नुसत्या तळहाताची, बोटं लावायचीच नाहीत. बाळंतिणीची पायापासून वर, अंगाचा भार टाकून. आणि थकल्या माणसाची मालिश बिनतेलाची, कापडावरून. नुसतं दाबायचं आणि जोडीला चार शब्द बोलायचे. माणूस बघून मालिश ठरवायची, नाव बघून नाही.

मग त्यांनी हात पुसले आणि आईला सतरंजीवर पालथं झोपवलं. दोन बोटं पाठीवरून चालवत खाली आणली. कमरेच्या जरा वर, डावीकडे, आईचा श्वास अडकला.

"ही उसण हाय, बाई," मावशी म्हणाल्या. "उसण चोळायची नसती, पसरती. हिला पायाळू पाहिजे. हाय का ध्यानात कुणी?"

मैत्रिणीनं विचारलं पायाळू म्हणजे काय. मावशींनी समजावून सांगितलं. ती डोळे मोठे करून म्हणाली, म्हणजे पाठीत लाथ मारायची? आणि हसली. त्यात टिंगल नव्हती, पण मला नववीचा वर्ग आठवला. मग तिनं आईला विचारलं, काकू, तुमच्या गावात आहे का असं कुणी?

आईचं तोंड भिंतीकडे होतं.

"हाय एक," ती म्हणाली. "पण ती इथं नसती."

सव्वाअकरा झाले होते. मी सतरंजीच्या कडेचे दोरे बघत उभी होते. तिचं सगळं जालन्याला येणं, नवीन इरकल, मंचावर सरळ चालत जायचा हट्ट, हे सगळं तिनं माझ्या एका लाजेखाली गुमान दाबून टाकलं होतं, आणि तेही पालथं पडून.

"मी हाय," मी म्हणाले. "मीच हाय पायाळू."

दोन वर्षांत मैत्रिणीसमोर मी एकदाही 'हाय' म्हटलं नव्हतं. नेहमी आठवणीनं 'आहे'. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं माझ्याबरोबर डबा खातेस आणि हे सांगत नाहीस?" आणि पुढच्या क्षणी ती पडवीतल्या खुर्च्या बाजूला ओढून जागा करायला लागली. वहिनी बाळाला खांद्यावर टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

आईला पाय लावायची माझी पहिलीच वेळ होती. एवढ्या वर्षांत तिला कधी उसण भरलीच नाही, की भरून तिनं सांगितलंच नाही, कोण जाणे. मी आधी तिच्या पायाला हात लावून नमस्कार केला. मग डाव्या पायाची टाच त्या जागेवर ठेवली, आणि लगेच उचलली.

"माशी हाकलून राह्यली का?" मावशी म्हणाल्या.

"गावात तं पोलीस पाटलाला बी हाणत होती," आई खालून म्हणाली. "मलाच काय लाजते?"

सगळे हसले. त्या हसण्यात दुसऱ्यांदा टाच नीट बसली आणि तिसऱ्यांदा चांगली बसली. नंतर मावशींनी तव्यावर मीठ गरम करून त्याची पुरचुंडी त्या जागी धरली आणि मग बाकीच्या अंगाला त्यांची ती थकल्या माणसाची मालिश केली. दाबता दाबता त्या स्वतःच्या लेकींचं सांगत होत्या आणि आई हं हं करत होती. मधेच तिचा हं बंद झाला. ती झोपली होती.

जाग आल्यावर ती आधी कुशीवर वळली, मग हातावर जोर देऊन बसली, मग उठली. तुळशीपर्यंत चालत गेली आणि परत आली. सरळ. थोडी जपून, पण सरळ.

"बराबर हाय," ती म्हणाली आणि निऱ्या ठीक करायला लागली.

नेमकं कशानं बरं वाटलं, हे मी अजूनही खात्रीनं सांगू शकत नाही. आमच्या प्रयोगशाळेत शिकवतात की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तरच कारण कळतं. आम्ही तर गोळी, लाथ, मीठ, मालिश आणि झोप अशा पाच एकदम बदलल्या होत्या.

मंचाला पाच पायऱ्या होत्या. नाव पुकारल्यावर पहिल्या पायरीशी आईनं माझा हात सोडला. मी तिच्या मागून चढत होते आणि सगळं लक्ष तिच्या पाठीवर. ती कुठेही थांबली नाही. प्राचार्यांनी प्रमाणपत्र दिलं, फोटो झाला, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी पद्धत म्हणून माईक तिच्यापुढे धरला. बाकीचे पालक नको नको म्हणत होते. आईनं माईक हातात घेतला.

"सकाळी गाडीतून उतरताना माझी उसण भरल्ती," ती म्हणाली. "माझी पोरगी पायाळू हाय. तिनं लाथ घातली म्हणून मी इथं सरळ उभी हाय. अभ्यास बी चांगला करती."

अख्खं सभागृह हसलं. हसता हसताच टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. माझे कान तापले होते. पण आईकडे बघितलं तर ती सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत निवांत बघत होती, खाली उतरायची तिला अजिबात घाई नव्हती. नंतर मी कुरकुरले तेव्हा म्हणाली, तूच तं सांगितलं सकाळी, मला वाटलं आता मोकळं झालं.

आम्ही निघालो तेव्हा जिन्याजवळ आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी हाक मारली. प्रात्यक्षिकात एका थेंबाचा फरक त्या खपवून घेत नाहीत, त्यामुळे मी आधीच घाबरले. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, चार दिवस झाले माझी मान वळत नाही, पायाळूचं मानेलाही चालतं का?

उत्तर आईनं दिलं.

"मानेला पाय न्हाई लावायचा, मॅडम. तुम्हाला बाळाची मालिश पाहिजे. नुसता तळहात, बोटं लावू द्यायची न्हाई."

मॅडमनी वर्गातल्या मुलीसारखी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही, मग तोंडानं हो म्हणाल्या. पर्समधून वही काढून त्यांनी मस्तगडच्या मावशींचं घर कुठल्या गल्लीत ते लिहून घेतलं. दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, असं मी मधेच पुटपुटले. त्या म्हणाल्या, दाखवलंय गं.

मॅडम उंच आहेत. आईनं पिशवी माझ्या हातात दिली, एक पायरी वर चढली आणि त्यांच्या मागे उभी राहून तळहात कुठून कुठे फिरवायचा ते दाखवायला लागली. आणखी दोन बाया ऐकायला थांबल्या. परतीची चारची गाडी सुटेल असं मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आई म्हणाली, सुटू दे, मंगची हाय की.