बाईसाहेबांसाठी बिनमिठाचं रताळं

माझी आत्या प्राणिसंग्रहालयाच्या स्वयंपाकघरात आहे म्हटलं की लोक फसतात. एकोणीस वर्षांत तिनं तिथं काही म्हणजे काही शिजवलेलं नव्हतं. सोलायचं, चिरायचं, तोलायचं, पोचवायचं. शेगडी होती, पण चहापुरती.

तिथल्या म्हाताऱ्या चिंपांझीला सगळे बाईसाहेब म्हणतात. किडलेल्या दाढा काढल्यापासून तिला चावता येईना. तीन दिवस झाले, घास नुसता घोळवायची आणि थू करून टाकायची.

डॉक्टर घसा खाकरल्याशिवाय बोलतच नाहीत. "अह्हम... उद्या भूल देऊन नळी घालावी लागेल. या वयात भूल म्हणजे... अह्हम... उठेलच असं नाही."

"शिजवून देऊ का?" आत्या म्हणाली.

"जंगलात शेगडी कुठे असते, ताई?"

"जंगलात डॉक्टर तरी कुठे असतो?"

डॉक्टर खाकरायचंच विसरले. "तसं पाहिलं तर काही शास्त्रज्ञ म्हणतात, माणूस घडला तो शिजवायला लागल्यामुळे. निम्मं चावायचं काम विस्तवानंच केलं. जबडा लहान झाला, दिवसभर चघळत बसणं संपलं, मेंदूला जास्त पोषण मिळालं."

"म्हणजे तुमची हुशारी आमच्या चुलीची! आणि हे आत्ता सांगताय?"

"करा. पण नुसतं उकडायचं हं."

आत्यानं रताळी उकडली, कुस्करली आणि सवयीनं चाखली. झालं! हात घरच्यासारखा चालला होता, चांगलं चमचाभर मीठ पडलेलं. "शहाणी गं बाई ती!" असं स्वतःलाच ऐकवून तिनं सगळं टाकलं आणि पातेलं पुन्हा चढवलं.

बाईसाहेबांनी वाटी हुंगली आणि पाठ फिरवली.

आत्या पातेलं घेऊन जाळीबाहेर फतकल मारून बसली. "रुसा खुशाल. मी खाते, तुम्ही बघा." आणि तिनं असा काही मचमच आवाज काढला की घरी आजीनं धपाटाच घातला असता.

एक मान वळली. मग एक हात आला. घास तोंडात गेला, आणि थुंकलाच नाही! पाच मिनिटांत वाटी चाटूनपुसून साफ.

मग बाईसाहेब उठल्या, कोपऱ्यातलं सकाळचं कच्चं गाजर घेऊन आल्या, ते जाळीतून आत्याच्या हातात दिलं आणि पातेल्याकडे बोट केलं.

मागे उभं राहून बघणाऱ्या डॉक्टरांनी नळी घालायच्या परवानगीचा कागद हळूच घडी घालून खिशात टाकला.

"उभे काय राहिलात?" आत्या म्हणाली, "पाणी ठेवा!"