पत्र्याची बासरी आणि अप्पांची पेटी

माळेगावच्या जत्रेत मी पत्र्याची बासरी घेतली तेव्हा आई म्हणाली, "कालेजात जाती न् शिट्ट्या घेती!" आम्ही बौद्ध, देवाला जायचा प्रश्नच नव्हता, जत्रेला जायचो ते बाजार बघायला आणि पाळण्यात बसायला. ही बासरी टोकातून फुंकायची. कुणीही फुंकली तरी वाजते, हाच तिचा गुण आणि तीच तिची खोड. माझी वाजायची, पण सुरापेक्षा वाराच जास्त.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गायनपार्टी होती. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि उन्हाळ्यात मैदानावर व्हायच्या कार्यक्रमात पार्टीला गायचं होतं. मी आजवर मागं बसून टाळ्याच वाजवल्या होत्या. मला बासरी घेऊन पुढं बसायचं होतं. अप्पा म्हणाले, "पेटीच्या सुरात आण, मग बस."

झालं, मी बासरीच्या मागंच लागले. बासरीच्या तोंडात लाकडाची गुल्ली असते, तिच्यावरून हवा जाते. दुष्काळाच्या कोरड्या हवेनं ती आकसली होती आणि फटीतून वारा निसटायचा. गुल्ली वाटीभर पाण्यात भिजवली तर आईनं घर डोक्यावर घेतलं. नळाला पाणी नाही, टँकर येईल तेव्हा येईल. "माणसाला प्यायला न्हाई आन् हिच्या शिट्टीला तहान लागली!" मग मी गुल्लीला दोरा गुंडाळला, वर मेण चोळलं. जिथं हवा फुटते ती पात पॉलिशपेपरनं हळूहळू घासली. आवाज गोल झाला. एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते.

पण सूर पेटीला मिळेना. अप्पा पट्टी दाबून धरायचे, मी फुंकायची, आणि दोन्ही आवाज एकमेकांना ढकलत थरथरायचे. बासरी चढी होती. "नाचता येईना, अंगण वाकडं," अप्पा म्हणायचे, कारण एकदा मी पेटीवरच शंका घेतली होती. पेटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मी बासरीच्या टोकाला पत्र्याची कडी बसवून तिची लांबी वाढवली. प्रत्येक भोकाच्या वरच्या कडेला मेण लावून भोक लहान केलं. दुपारच्या उन्हात मेण ओघळलं. पुन्हा लावलं, पुन्हा ओघळलं. एकदा तर वैतागून मी बासरी भिंतीवर आपटली आणि मग पोचा काढत बसले. शेवटी अप्पांच्या ऑफिसातली सीलची लाख आणून लावली, जास्तीची कानशीनं घासली. एका संध्याकाळी अप्पांनी मान डोलावली. "आता बसली." मला इतका आनंद झाला की मी आईला मिठीच मारली.

कार्यक्रमाच्या दिवशी पेटीचा भाता फाटला. उन्हानं कातडं कडक झालं होतं, ते जोडावरच उललं. अप्पांनी दुसऱ्या पार्टीची पेटी मागून आणली, ती आम्ही स्टेजवर चढता चढता हातात आली. गाणं सुरू झालं, मी फुंकलं, आणि समोरच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. या पेटीच्या मानानं बासरी पार खाली होती. मी जोर लावला तर ती किंचाळली. पेटी न थांबवता अप्पा माझ्याकडं झुकले. "ठेव खाली."

गाणं संपेपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. परतताना रस्त्यात मी एकटीच त्यांच्याशेजारी चालत होते.

"अप्पा, तुमची पेटी सुरातून उतरलेली हाय."

"हाव," ते म्हणाले. "ठाव हाय मला. लई दिवसांपासून."

"मंग बासरी जत्रेतून आणली तवाच बरोबर होती! मला सांगायचं न्हाई का?"

"तू लई मन लावून करून राहिली होतीस. आन् पेटी उतरली म्हणलं असतं, तर पार्टीतल्या लोकांनी मला उतरवलं असतं."

ते हे अगदी साध्या आवाजात बोलले. लोकांनी त्या दिवशी उतरवलं मला, आणि ते बघत माझा बाप पेटी वाजवत राहिला.