कुंदाताई आणि मुका डबा

कुंदाताईंच्या घरी टीव्हीवर काय लिहिलं आहे ते मोठ्याने वाचायला बंदी आहे. एखादा नवखा पाहुणा सोफ्यावर बसतो, गेमच्या कंट्रोलरवर ताईंची बोटं अडलेली पाहतो आणि भल्या मनाने म्हणून जातो, "खाली 'स्टार्ट' आहे बघा." ताई हात लांब करून टीव्हीखालचा डबा बंद करतात, पुन्हा चालू करतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. पाहुण्याला वाटतं, बाईंना ऐकू गेलं नसावं. तो पुन्हा वाचतो. ताई पुन्हा बंद करतात. मग मात्र त्या आवाजाच्या दिशेला नेमकी मान वळवतात आणि म्हणतात, "तुम्हाला वाचता येतं, कळलं मला. आता त्याला वाचू द्या."

तो म्हणजे डबा. व्हिडिओ गेमचा. कॅनडाला जाताना त्यांचा भाचा तो ताईंच्या, विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या, घरी टाकून गेला. काचबिंदूने ताईंची दृष्टी गेली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. डबा विकून टाकावा असं त्यांच्या वहिनीचं, नलूवहिनींचं, मत होतं. ताई म्हणाल्या, "आधी वाजतो कसा ते तर बघू."

वर सांगितलेल्या पाहुण्यांमध्ये सर्वांत निर्लज्ज मी. मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. अपराधी वाटायला मला फार मोठं कारण लागत नाही, आणि अपराधी वाटलं की मी मदत करायला धावतो. ताईंना माझ्यातली नेमकी हीच गोष्ट आवडत नाही.

बारावीनंतर मी त्यांच्या टायपिंग क्लासला जात होतो. विरारला फरसाणाच्या दुकानावर माडीवर क्लास होता. वर यंत्रांचा खडखडाट आणि खालून तळणीचा वास. ताई टायपिंग करणाऱ्याच्या हातांवर काळं फडकं टाकायच्या आणि त्याची टोकं यंत्राला बांधायच्या. "प्रत्येक बोटाला स्वतःचं घर असतं," त्या म्हणायच्या. "तुम्ही डोकावलात की ती बावचळतात. डोकावू नका." मी फडक्याच्या कडेने डोकावायचो. त्यांना ते माझ्या टायपिंगच्या आवाजावरूनच कळायचं. "सुहास, तुझं यंत्र लबाड वाजतंय," असं त्या खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या.

पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बंद झाला, आणि त्यानंतर डोळे. ताई हे अगदी कोरडेपणाने सांगतात. "कडेने जाणारी माणसं आधी दिसेनाशी झाली. मग समोरची. नलू मधोमध उभी राहायची, म्हणून ती शेवटपर्यंत राहिली."

त्यांचा आवडता गेम मारामारीचा. दोन माणसं समोरासमोर, लाथा, बुक्क्या, एक पडेपर्यंत. हे सगळं त्या आवाजावर खेळतात. कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोणी उडी मारली, ठोसा मारण्याआधी कोणाचा श्वास कसा लागला, हे गेममध्ये सगळं ऐकू येतं. आपण पाहत असतो म्हणून ऐकत नाही. शेजारचे बस्त्यावकाका, पोस्टातून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी त्यांच्याकडून मार खायला येतात. एकदा काका सारखे जिंकायला लागले. ताईंनी नलूवहिनींकडून चादर मागवली आणि टीव्हीवर टाकली.

"कुंदा, हा काय प्रकार? मला काय दिसणार आता?"

"मला दिसतं तेवढंच."

"अगं, पण मला आंधळा करून तुला काय मिळणार?"

"सोबत," ताई म्हणाल्या आणि काकांना लोळवलं.

लढाईत त्यांना कोणाची गरज नव्हती. त्या अडायच्या लढाईच्या आधी. गेम उघडला की समोर एक यादी येते, तिच्या पोटात दुसरी, तिच्यात तिसरी. कोणता गडी घ्यायचा, कुठल्या मैदानात, एकट्याने की दोघांनी. ह्या यादीत वर-खाली गेलं की प्रत्येक ओळीला एकच आवाज येतो, टक. डब्याला स्वतःचा बोलका आवाज आहे. एक बाई इंग्रजीत वाचून दाखवते. पण ती डब्याचं स्वतःचं पान तेवढं वाचते. गेम उघडला की गप्प, कारण तिथे बोलायचं काम ज्याने तो गेम बनवला त्याचं. ताई म्हणायच्या, "ही बाई मला कुणाच्या तरी दारापर्यंत सोडते आणि पळून जाते. आत गेलं की सगळे मुके."

त्यांनी याद्या पाठ केल्या. मग इंटरनेटवरून गेमची नवी आवृत्ती आपोआप उतरायची आणि यादीतल्या ओळी इकडच्या तिकडे व्हायच्या. पाठांतर वाया. "माझ्या स्वयंपाकघरातले डबे रोज कुणीतरी हलवून जातंय आणि वर म्हणतंय, बघा किती छान लावले," असं त्या फोनवर मला म्हणाल्या, तेव्हा मी गोरेगावच्या ऑफिसात बसलो होतो आणि ते डबे हलवणाऱ्यांपैकी एक होतो. आमची कंपनी बाहेरच्या गेमवाल्यांसाठी ह्याच याद्या, ही पानं तयार करते. मी तपासणी विभागात आहे. ताईंचा गेम आमच्याकडचाच.

मी मीटिंगमध्ये विषय काढला. माझा वरिष्ठ मनीष माझ्यापेक्षा बराच लहान आहे, वाईट नाही. तो म्हणाला, "सुहास, आंधळे लोक फायटिंग गेम खेळतात?" मी हो म्हणालो. "किती जण?" मला एकच माहीत होती. मग मी ताईंची गोष्ट सांगितली, काळ्या फडक्यासकट. सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. एका मुलीने उत्साहाने ते काम अंगावर घेतलं आणि काही महिन्यांत प्रत्येक पान, प्रत्येक ओळ बोलायला लागली. मला इतका आनंद झाला की एका बारीक गोष्टीवर मी भांडलो नाही. बाहेरच्या मालकांचं म्हणणं पडलं की पहिल्याच पानावर कोणी बोलायला लागलं तर बाकीचे लोक दचकतील. तेव्हा आवाज मुळात बंद ठेवायचा. ज्याला हवा तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करेल.

नवी आवृत्ती बाहेर आली त्या रविवारी मी नंदाखालला गेलो. ताईंना केळीच्या बागेत पाठवलं, गेम उतरवला, आवाज चालू केला आणि त्यांना हाक मारली. त्यांनी कंट्रोलर घेतला. डब्यातली बाई यादीतली पहिली ओळ बोलली. दुसरी बोलली. ताईंचा चेहरा असा झाला की बस्त्यावकाकांनी माझा खांदा दाबला. मग ताई थांबल्या.

"हे आपोआप बोलतंय, की तू चालू करून ठेवलंस?"

"मी चालू केलं, ताई. सेटिंगमध्ये असतं."

"सेटिंगमध्ये कसं जायचं?"

"यादीतून."

"ती यादी तेव्हा बोलते?"

बस्त्यावकाकांनाही कळलं. "म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाटच बंद केलंत की," ते म्हणाले.

"नवा होता तसा कर," ताई म्हणाल्या, "आणि दोघं बाहेर जा."

आम्ही ओट्यावर बसलो. आतून टक, टक, टक. मला तो रस्ता पाठ होता. मीच तो शंभर वेळा तपासला होता. थोड्या वेळाने गेमचं संगीत बदललं, म्हणजे त्या भलत्याच पानावर गेल्या. मग पुन्हा टक टक. नलूवहिनी चहा घेऊन आल्या आणि आत न जाता आमच्याशेजारीच बसल्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्यात काय अडलं आहे एवढं? सांगून टाक ना तिला." मला राहवेना. मी उंबऱ्यातून म्हणालो, "ताई, मागे या आणि खालून तिसरं—"

डबा बंद झाल्याचा आवाज आला.

"सुहास, घरी जा," आतून ताई म्हणाल्या. चिडून नाही, क्लासमध्ये तास संपला की जसं म्हणायच्या तसं. "तो स्वतःहून बोलायला लागला की ये. तोपर्यंत नको. तू इथे असलास की तुला मदत करावीशी वाटते, आणि तुला मदत केल्यासारखं वाटलं की ऑफिसात तू गप्प बसतोस."

ह्या वाक्यामुळे मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते माझ्यासारख्या माणसाचं नेहमीचंच होईल. खरं तर मला राग आला. मी काय कमी केलं होतं? कुणाच्या बापाने केलं होतं एवढं? नालासोपाऱ्याला घरी परतेपर्यंत मी मनातल्या मनात ताईंशी भांडत होतो, आणि जिन्यात कळलं की माझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

त्यानंतर दर रविवारी माझा फोन. "झालं?" "नाही, ताई." "बरं." फोन बंद. ऑफिसात मनीष म्हणायचा, "पुढच्या व्हर्जनला बघू." पुढच्या व्हर्जनला दुसरंच काही महत्त्वाचं निघायचं. एकदा तर गड्याच्या केसांचा रंग निघाला.

मग एका रविवारी त्यांचाच फोन आला.

"लागला आवाज."

"ताई! कसा?"

"बसले रोज. सगळ्या गल्ल्या धुंडाळल्या. वाटेत बहुतेक भाषेवर कुठेतरी हात पडला असणार, कारण आता जी बाई बोलते ती कुठल्या देशाची आहे ते कळत नाही. बस्त्याव म्हणतो पोर्तुगीज. त्याला पोर्तुगीज येत नाही, पण तो म्हणतो त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या गाण्यासारखं लागतंय."

मी हसलो. मला वाटलं, संपलं एकदाचं. "ताई, जिंकलात तुम्ही. मी आत्ता निघतो, भाषा बदलून देतो."

"जिंकले?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो असा चढलेला मी ऐकला नव्हता. "मला दुसरं काम नाही, बाग नलू बघते, म्हणून मी महिनाभर त्या भिंतीवर डोकं आपटू शकले. जिला तेवढा वेळ नाही तिने काय करायचं? ती दोन वेळा टक टक ऐकेल आणि डबा विकून टाकेल. आणि तुम्ही म्हणाल, आंधळी माणसं कुठे खेळतात!" दम खाऊन त्यांनी विचारलं, "तू हे ऑफिसात लिहून ठेवलं आहेस ना? काय म्हणून?"

"सजेशन म्हणून. आमच्याकडे दोन रकाने असतात, ताई. सजेशन आणि बग."

"सजेशन म्हणजे?"

"म्हणजे झालं तर बरं."

"आणि बग?"

"म्हणजे बिघाड. मोठा असला तर दुरुस्त होईपर्यंत गेम बाहेर जात नाही."

"गेम उघडत नाही," ताई म्हणाल्या, "आणि ते न उघडणं तू 'झालं तर बरं'मध्ये टाकलंस. माझी गोष्ट सांगून सगळ्यांना रडवलंस आणि टाकलंस कुठे, तर तिथे. माझं नाव काढून टाक. फडकं, क्लास, डोळे, काही सांगू नकोस. बिघाड आहे, बिघाड म्हणून लिही."

सोमवारी मी ती नोंद सजेशनमधून काढली आणि बगमध्ये टाकली, सर्वांत गंभीर दर्जा देऊन. कारण एवढंच लिहिलं: गेम सुरू करता येत नाही. नवी आवृत्ती त्याच आठवड्यात जायची होती, ती अडली. जेवणाच्या आधी मनीष माझ्या टेबलाशी. "सुहास, यार, हे काय आहे? सुरू होतो की गेम."

"सगळ्यांना होत नाही."

"ते आपण सजेशनमध्ये घेतलं होतं."

"चूक झाली होती," मी म्हणालो. "सजेशन नव्हतं ते."

दुपारी त्याने ती नोंद पुन्हा सजेशनमध्ये नेली. संध्याकाळी मी ती परत आणली. मंगळवारी त्याने हलवली, मी परत आणली. मीटिंगमध्ये लोक माझ्याकडे पाहायचं टाळायला लागले आहेत. माझ्या वयात नोकरी सांभाळून राहावं, असं बायकोनेही दोनदा सुचवलं आहे. मनीषने बाहेरच्या मालकांना मेल टाकला आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे. उत्तर काय येईल सांगता येत नाही. मला आशा आहे असं म्हणवत नाही. बहुतेक वेळा नुसता संताप असतो, आणि तो मदत करावीशी वाटण्यापेक्षा बरा आहे, असं अलीकडे मला वाटू लागलं आहे.

ह्या रविवारी मी नेहमीसारखा फोन केला.

"झालं?"

"नाही, ताई."

"आज कशात आहे?"

"आज बगमध्ये आहे."

"आणि उद्या?"

"उद्याचं माहीत नाही."

"मग आजच जेवायला ये," ताई म्हणाल्या. "नलूने केळफुलाची भाजी केली आहे."